चुका: शून्य

३ मार्च, सकाळी ९
आजपासून डोकेदुखीची गोळी बंद. कायमची. एकदा मनावर घेतलं की घेतलं, आपला स्वभावच तसा.

३ मार्च, सकाळी ११.२०
एक घेतली. कामासाठी. छापखान्यात मी प्रूफं तपासतो, औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात त्या माहितीपत्रकांची. मुंगीएवढी अक्षरं. डोकं दुखणार नाही तर काय! उद्यापासून नक्की.

४ मार्च
गोळी नाही घेतली की डोकं दुखतं. म्हणजे गोळी लागते, हे सिद्धच झालं. बायको म्हणाली, एकदा तो आतला कागद तरी वाचा. मलाच शिकवते! बावीस वर्षं दुसरं केलंय काय? माझ्या हातून एक स्वल्पविराम सुटलेला दाखव, म्हणालो.

६ मार्च, दुपारी
गोळ्यांचा डबा उघडताना पुन्हा आईचा आवाज. त्या कागदात काय लिहिलंय रे?
आई जाऊन आठ महिने झाले. तिच्या गुडघ्यांच्या गोळ्या मीच आणायचो. मी डोक्यासाठी घेतो त्याच पांढरीने भागेना म्हणून जोडीला गुलाबी सुरू केली. नावं वेगळी, म्हणजे औषधं वेगळी. तिला ते अक्षर चष्म्यातूनही दिसायचं नाही, म्हणून मला विचारायची. मी म्हणायचो, काही विशेष नाही गं, जेवून घे म्हणजे झालं.
आवाज थकव्याचा आहे. दोन घेतल्या.

९ मार्च, रविवार
आईची खुर्ची माळ्यावर टाकायचीच, असं ठरवलं. उचलली, तर खाली तिच्या चपला. शेवटी पाय एवढे सुजले की पट्टे मीच कापून दिले होते. वयोमानाने सूज यायचीच, असं तेव्हा सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं मी.
खुर्ची जागेवर ठेवली. उगाच कमरेत उसण भरायची.

१२ मार्च, सकाळी
साहेबांनी पांढऱ्या गोळीचं नवं पत्रक दिलं. जुन्याशी ताडून बघायचं. अर्ध्या तासाचं काम.

१२ मार्च, दुपारी ४
अजून तिथेच आहे. जुनं पत्रक आज ओळीने, अर्थ लावत वाचलं. हेच औषध असलेली दुसरी गोळी सोबत घेऊ नये. गुलाबीची फाईल काढली. आत तेच औषध. पायांना सूज आल्यास गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावं. डोकेदुखीसाठी रोज घेतल्यास डोकेदुखी वाढू शकते.
खाली तीन वर्षांपूर्वीची तारीख. तेव्हा आई चालत बाजारात जायची. तारखेपुढे शेरा: वाचले. चुका शून्य. सही माझीच.

१३ मार्च
गोळी घेतली नाही. डोकं फुटतंय. सकाळपासून आई तेच विचारतेय.
शेवटी खुर्चीसमोर बसलो आणि ते जुनं पत्रक तिला वाचून दाखवलं. मोठ्याने, पहिल्या ओळीपासून. मध्ये दोनदा रडू आलं. बायको दारात उभी होती.
सोळाव्या ओळीत एक स्वल्पविराम राहून गेलाय.