बारा वाळलेल्या पट्ट्या

प्रिय शहाण्या,

पेपरातल्या बातमीतला तुझा फोटो मिळाला. फ्रेम करून पाठवलास, म्हणजे आता तो भिंतीवर लावणंही आलं. कातडी फाटेपर्यंत ओढून ताण मोजायच्या यंत्राला असा टेकून उभा आहेस, की बघणाऱ्याला वाटावं यंत्रही तूच बनवलंस. त्याच्या जबड्यात कातडी कशी धरायची हे कुणी शिकवलं, ते मात्र बातमीत आलेलं नाही. असू दे.

प्रयोगशाळेतल्या पहिल्या महिन्यात, माणसाच्या कातडीऐवजी चाचणीला घेतो ती डुकराची कातडी बघून तू तोंड फिरवायचास, आठवतं? सगळ्या पट्ट्या मीच कापायचे. आधी कण्याच्या दिशेने बाण काढायचा, मग सुरी. कापलेली पट्टी लगेच मिठाच्या पाण्यात, आणि यंत्रावर चढवली तरी वरून ओला कापूस. हे मी इतक्यांदा सांगायचे, की तू माझी नक्कल करून ऑफिसातल्या बायकांना हसवायचास. धाकट्याचं डोकं चालतं आणि थोरलीचे हात, असं आई कौतुकाने म्हणायची. तेव्हापासून हातांच्या कामाकडे बघायचंच नसतं, अशी तुझी समजूत झाली.

फोटो काढला त्या दिवशी मी रजेवर होते. तुझ्या कोपरामागे ट्रे दिसतो. त्यात बारा पट्ट्या, पाणी नाही, कापूस नाही, कडा वर वळलेल्या. फोटोवाल्याने दीड तास खाल्ला, हे तूच मिरवत सांगितलं होतंस. वाळलेली कातडी कडक होते, लवकर फाटत नाही, हे आपल्याकडे नवीन आलेल्यालाही आठवड्यात कळतं. फोटो झाल्यावर त्याच बारा पट्ट्या ओढून आलेल्या आकड्यांवर तू समीकरण रचलंस, आणि जखमेच्या कडा किती ताणून टाके घालायचे याचा तक्ता इस्पितळाला दिलास. आलेख देखणा आहे. तुझं सगळंच देखणं असतं. परवा मी बारा ओल्या पट्ट्या ओढून पाहिल्या. तुझ्या तक्त्यातल्या ताणाच्या निम्म्यावरच त्यातल्या नऊ फाटल्या.

आणि कालच तुझा कागद आला: सर्व पट्ट्या चाचणीभर ओल्या होत्या, खाली ताईने सही करायची. म्हणजे त्या वाळल्या होत्या हे तुला माहीत होतं. चुकल्याचा मला राग नाही, मीही पूर्वी कातडी आडवी कापून ठेवली आहे. पण माझ्या सहीमागे लपायला निघालास, याची किळस आली.

सोमवारी एका भाजलेल्या शिक्षिकेची पाठ तुझ्या तक्त्यावरून शिवली जाणार होती. मी आज इस्पितळातल्या सर्जनबाईंना फोन करून ते थांबवलं. चूक कुणाची, असं त्यांनी विचारलं. ज्याने केली तो शुक्रवारी सकाळी स्वतः येऊन सांगेल, असं मी बोलून गेले. फोन ठेवल्यावर माझीच मला चीड आली, कारण तू येशील यावर माझा काडीचाही विश्वास नाही. म्हणून हे लिहिते आहे. त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी नऊपासून बसलेली असेन. ये, आणि जन्मात एकदा तरी माझा हा अविश्वास खोटा पाड.

तुझीच, अजूनही,
ताई