वाटेकडची की खिडकीची

१२ जानेवारी २००६, संध्याकाळी साडेसहा. गच्चीवर बसून लिहितो आहे.

विमानाच्या तिकीटवाल्याने सीट विचारली, तेव्हा मी वाटेकडची म्हणालो. गणेशपुरीच्या एसटीतही मला उलटी होते, आणि विमानाची खिडकी उघडत नाही. घरी सांगितलं तर बाबा चिडलेच. "मी गच्चीवर लूमच्या कापडाचा लाल तागा पसरणार हाय. तू वरनं न्हाय बघणार तर कोण बघंल, कावळे?"

दोन वर्षांसाठी दुबईला चाललो आहे. विमान भिवंडीवरून जातं का, कोणाला ठाऊक! बाबांना तसं सांगवलं नाही. डोळे मिटले की खाली खाडी दिसते, पत्र्यांची छपरं, एक लाल ठिपका, शेजारी मान वर केलेले बाबा.

उद्या खिडकीच मागतो. तागा नाही दिसला, तरी बाबांना फोनवर ‘दिसला’ म्हणेन. पण वाटेकडे बसून तसं म्हणवणार नाही.