अळणी पावाचा वाटा

परम दयाळू अल्लाला साक्षी ठेवून, मी तामू, जिलाली विणकराची मुलगी, मआती कुंभाराची विधवा, वय एकाहत्तर, राहणार कुंभारवाडा, आसफी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना लिहवून ठेवते. मला साखर आहे, गुडघे गेले आहेत, पण स्मरणशक्ती शाबूत आहे. काहींच्या दुर्दैवाने.

एक. घर मला माझ्या वडिलांकडून आले. धर्माप्रमाणे त्याचे तीनांतले दोन हिस्से माझा एकुलता मुलगा कबीर याचे. त्यात मला ढवळाढवळ करता येत नाही. उरलेला हिस्सा माझ्या मर्जीचा. त्यातला वरचा मजला आणि स्वयंपाकघर मी माझी सून इज्जा हिला देते. कबीर रागावेल. त्याने रागावू नये, त्याचा रक्तदाब एकशे ऐंशी आहे.

दोन. मआतीचे चाक आणि हत्यारे शेजारचा कारागीर बूशाइब याला द्यावीत. मआती कोसळला त्या दिवशी यानेच त्याला चाकावरून उचलून घरी आणले.

तीन. माझी नणंद हादा.

मआतीला पहिली चक्कर आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बाई, नुसतं कालवणातलं मीठ कमी करून भागायचं नाही. तुमच्या घरात मीठ जातं ते पावातून." मी कणकेतले मीठ दर आठवड्याला चिमूटचिमूट कमी करत नेले. खाऱ्या जैतुनांची बरणीही घराबाहेर काढली. हादा म्हणाली, "वहिनी, माझ्या धडधाकट भावाला आजाऱ्याचं जेवण वाढतेस? आमच्या आईनं असं कधी केलं नाही हो." मी मीठ कमी करतच राहिले.

आमचे कच्चे पाव गल्लीतल्या भट्टीत जात. प्रत्येक घराची खूण वेगळी, आम्हा दोघींची मात्र एकच, सासूबाईंनी शिकवलेली: बोटाने तीन टोचे. भट्टीचा चढ मला झेपत नसे. हादा म्हणायची, "तू बस गं, दोघींचेही मीच आणते." केवढे उपकार वाटत मला! दोन वर्षे ती स्वतःचे खारट पाव माझ्या फडक्यात बांधून आणत होती आणि माझे अळणी पाव आपल्या मेंढीला घालत होती. मेंढी ठणठणीत राहिली. मी साखरेमुळे तव्यावरची जवाची भाकरी खाते, म्हणून ते पाव कधी चाखलेच नाहीत. मआती म्हणायचा, "तामू, तुझा पाव आता आवडायला लागला बघ." आणि मी मूर्ख, जिभेला वळण लावता येते म्हणून शेजारणींना सांगत सुटले.

हादा एकदा जत्रेला गेली, तेव्हा पाव मी आणले. पहिल्या घासालाच मआती म्हणाला, "आज मीठ विसरलीस का गं?" मी तो चाखला, मग आदल्या दिवशीचा शिळा चाखला. हादा परतल्यावर तिला जाब विचारला, तर म्हणते, "चिमूटभर मिठानं कोण मरतं?"

पंधराव्या दिवशी मआती गेला. मी तिला क्षमा केलेली नाही, करणारही नाही.

गेल्या रमजानपासून तीच बाई माझ्या कबीरच्या खिशात खारे जैतून कोंबते. "खा रे राजा, तुझी आई मिठाची कंजूष आहे." एक माणूस खाऊन हिचे पोट भरलेले नाही.

आता हादाचे घर पडले आहे, तिला रांधून घालणारे कोणी नाही, मूत्रपिंडे दुबळी झाली आहेत आणि डॉक्टरांनी तिलाही मीठ बंद केले आहे. म्हणून माझ्या हिश्श्यातली अंगणालगतची खोली मी तिला मरेपर्यंत राहायला देते. अट अशी, की तिने दोन्ही वेळा इज्जाने रांधलेलेच खावे, कबीरसमोर बसून, त्याच्याच ताटातून. तिच्या हातचा एक खारा जैतून कबीरच्या तोंडात गेला, तर खोली त्याच दिवशी रिकामी करून घ्यावी. इज्जा मऊ मनाची आहे. तिने या बाबतीत दया दाखवू नये.

इज्जाने मला विचारले, "आई, एवढा राग आहे, तर घरात घेता कशाला?"

कारण रस्त्यावर ती महिनाभरात मरेल, आणि एवढ्या स्वस्तात मी तिला सोडणार नाही. डॉक्टर म्हणतात, मीठ सुटले तर अजून दहा वर्षे सहज काढेल. तिने ती काढावीत. रोज त्या ताटाशी बसावे, अळणी घास गिळावा आणि मोजावे, तिचा भाऊ अजून किती जगला असता.

वरील मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. एकही शब्द सौम्य केलेला नाही.

तामू बिन्त जिलाली (डाव्या अंगठ्याचा ठसा)

साक्षीदार: इद्रीस अयाशी, दस्तलेखक, तहामी बेन्नूर, दस्तलेखक

आसफी, मंगळवार, ११ ऑक्टोबर २०११