त्या वर्षीचा दोदोल

पप्पा,

आज दुपारी मी दोदोल केला. पन्नाशी उलटल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा. माडाचा गूळ मुद्दाम गावाहून मागवला, नारळाचा रस काढला, तांदळाचं पीठ कालवलं आणि दोन तास कढईत लाकडी दवला हलवत उभी राहिले. मुलगी टेबलाशी बसून नेवऱ्यांत सारण भरून कडा कातत होती. ती म्हणाली, "आई, तू नाताळाला सगळं करतेस, हेच कसं कधी केलं नाहीस?" मी तिला नेहमीचंच उत्तर दिलं. मग हात धुऊन तुम्हाला लिहायला बसले.

मांय होती तेव्हा आपला नाताळ डिसेंबर लागताच सुरू व्हायचा. ती करवंट्यांत नाचणी पेरायची, म्हणजे येशूजन्माचा गोठा मांडेपर्यंत हिरवंगार गवत तयार. तुम्ही बांबूच्या कामट्या तासून नक्षत्राचा कंदील बांधायचात, पतंगाचा लाल कागद लावायचात, आणि दर वर्षी एक कोपरा फाटायचा. मग मांय हसायची. "काजीची भट्टी सांबाळता, पण कागद काय सांबाळना नाय." तुमचे हात काजूच्या तेलाने कायमचे काळे पडलेले, त्या हातांना कागद कुठला धरवणार? नाताळाच्या सकाळी चर्चमधली मिसा झाली की मी विणलेल्या रुमालांनी झाकलेली ताटं घेऊन वाडीत फिरायचे. पहिलं ताट शेजारच्या काकींकडे. दिवाळीला त्यांचं फराळाचं ताट आपल्याकडे पहिलं यायचं, म्हणून. मांय दोदोल घोटायची तेव्हाही त्याच हाताखाली असायच्या, आणि घरभर गुळाचा वास असायचा.

चौऱ्याऐंशी साली, दसऱ्याच्या सुमारास, मांय काविळीने गेली. मी आठवीत होते. आत्या महिनाभर येऊन राहिली आणि जाताना मला मागच्या पडवीत बसवून म्हणाली, "आता घरची बायलमाणूस तूच. वर्सभर घरात गोडधोड नाय, नक्षत्र नाय. शेजारी देतीत ता घेवचा, आपण करूचा नाय. नायतर लोक आवशीक इसारलो म्हणतले." मी मान डोलावली. मला ते काम मिळाल्यासारखंच वाटलं, धरून ठेवायला काहीतरी. त्यातच चर्चबाहेर दोन बायका बोलताना ऐकलं होतं, की पुरुषमाणूस एकटा किती दिवस राहणार, वर्ष संपलं की दुसरी आणील. ते मी कुणालाच सांगितलं नाही. रोज तुम्ही कामावरून आलात की तुमच्या शर्टाच्या बाहीवरची दुखवट्याची काळी फीत आहे ना, एवढं मात्र बघायचे.

नाताळाच्या आधीचा रविवार. मी काकींच्या मुलीबरोबर बाजारात गेले होते. परत येते तर गल्लीच्या तोंडाशीच गुळाचा वास. मला वाटतं, काकींकडे काहीतरी चाललंय. दारातून आत येते, आणि चुलीपुढे तुम्ही. लुंगी वर खोचलेली, कपाळावर घाम, हातात मांयचा दवला. दोदोल होऊन गेलेला आहे. पितळी ताटाला तूप लावून तुम्ही तो थापताय, वरून काजूचे तुकडे दाबताय. माझ्याकडे बघून तुम्ही हसलात, पप्पा. मांय गेल्यावर पहिल्यांदाच. मला ते हसणंच सहन झालं नाही.

"मांय जावन तीन म्हयने जावक नाय," मी ओरडले, "आणि तुमका गोड खावक व्हया?"

"तसा नाय गो बाय," तुम्ही म्हणालात. "ऐक तरी माजा."

मी ऐकलं नाही. ताट उचललं. ते गरम होतं, हात भाजत होते, तरी तसंच परसात नेलं आणि माडाच्या आळ्यात पालथं केलं. वर म्हणाले, "जी नवी येतली तिका करूक सांगा." हे वाक्य मी तुम्हाला म्हटलं. तेरा वर्षांच्या मुलीने आपल्या बापाला म्हटलं. कोंबड्या धावत आल्या. तुम्ही मागच्या दारात उभे होतात. तुम्ही मारलं असतंत तर बरं झालं असतं. तुम्ही सावकाश आलात, ताट उचललंत, उजेडात फिरवून बघितलंत आणि इतकंच म्हणालात, "तिच्या म्हायेरचा ताट. चेपला नाय मा?" मग विहिरीवर बसून राखेने ते घासत राहिलात. मी घरात जाऊन दार लावून घेतलं.

त्या नाताळाला शेजाऱ्यांची ताटं आली, ती आपण दोघांनी रीतीप्रमाणे घेतली आणि समोरासमोर बसून, एकमेकांकडे न बघता खाल्ली. पुढच्या वर्षी नक्षत्र पुन्हा लागलं. नेवऱ्या, कुलकुल मीच करू लागले, तुम्ही नारळ खवून द्यायचात. दोदोल करूया, असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत, मीही नाही. दुसरी कुणी आली नाही. माझं लग्न झालं, मी बेळगावला गेले. दर नाताळाला तुम्ही एसटीने यायचात, मांडीवर काजूची पिशवी घेऊन.

तुम्ही गेलात तेव्हा सातव्या दिवसाच्या मिसेनंतर काकी माझ्याजवळ येऊन बसल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "तुजो पपा एकदा माज्याकडे दोदोल शिकाक इल्लो, आठवता तुका? तीन दिवस येय होतो. गूळ कितको, रस कितको. मी म्हटलंय, दुखवट्यात कशाक ह्या? तर म्हणता कसो, वैनी, तिचे कपडे धुवन ठेयले, गादी उनात घातली. आता घरात तिचो वासच येणा नाय. ह्या केलंय तर घडीभर येयत." एवढं सांगून काकींनी मला विचारलं, "मगे बरो झाल्लो काय गो? माका काय ताणी सांगूक नाय."

मी म्हटलं, करपला.

तेच माझं नेहमीचं उत्तर. नवऱ्याला तेच सांगितलं, मुलांना तेच, आज मुलीलाही. आमच्याकडे एकदा पप्पांनी केला आणि करपला, मग पुन्हा कुणी केला नाही. सगळे हसतात. तुमच्या नावावर हसतात, पप्पा, आणि मी हसू देते.

हे पत्र कुठे पाठवायचं? वहीतच राहील. पण एक लिहून ठेवते. त्या दिवशी दार लावून घेतलं तेव्हा माझ्या अंगठ्याला दोदोल चिकटलेला होता. रडता रडता मी अंगठा तोंडात घातला. करपला नव्हता. थेट मांयच्या हातचा झाला होता. त्यानंतर तुम्ही अकरा वर्षं जगलात. दर नाताळाला माझ्यासमोर बसून जेवलात. मला सांगता आलं असतं.