शिट्टीला ओ देण्याचा हक्क

मी, जयश्री हिलाल बडगुजर, वय तेवीस, अविवाहित, बी.ए., राहणार नवागाम, सुरत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मनाने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. उलट घरच्यांनी हे लिहू नकोस म्हणून पुष्कळ सांगून पाहिले. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघाड आहे तो हृदयाच्या एका झडपेत. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्यात ती आकसली. पुढच्या आठवड्यात अहमदाबादच्या इस्पितळात तिचे ऑपरेशन आहे. बहुतेक सगळे नीट होते, असे मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांनी "बहुतेक" म्हटले, म्हणून हा कागद.

माय म्हणते, असले लिहिले की देव ऐकतो. आमच्या घरात आजवर कोणी मृत्युपत्र केले नाही, कारण कोणाला लिहिता येत नव्हते आणि मागे ठेवण्यासारखेही काही नव्हते. मला लिहिता येते. शिवाय एका गोष्टीचा निर्णय घरच्यांनी माझ्यावर सोपवला आहे आणि तो मी अहमदाबादच्या गाडीत बसण्याआधी द्यायचा आहे: घरात पोपट ठेवायचा की नाही. तो निर्णय मला तोंडी देता येत नाही. बोलायला लागले की दम लागतो, आणि दम नाही लागला तर राग येतो.

कलम १. पुस्तके. माझी सर्व पुस्तके गल्लीतल्या मुलींसाठी शेजारच्या सरस्वतीकाकूंच्या ओट्यावरच्या फळीवर ठेवावीत. कपाटात ठेवू नयेत आणि कुलूप तर मुळीच लावू नये. पुस्तक वाचून फाटले तर चालेल, न वाचता कोरे राहिले तर चालणार नाही. मी परत येऊन संध्याकाळचा वर्ग काढणार होते. तो निघाला नाही, तर निदान फळी तरी असावी.

कलम २. सायकल. माझी लेडीज सायकल रंजनावहिनीला, म्हणजे चेतनदादाच्या बायकोला, द्यावी. तिला चालवता येत नाही. तिने शिकावी. दादाने मागून धरावे आणि हसू नये.

कलम ३. निळी शाल. ही मायला द्यावी. माझी कॉलेजातली मैत्रीण तारा हिला ती फार आवडते, हे मला माहीत आहे. तिला देऊ नये. मी आजारी पडल्यापासून तारा भेटायला येते ती हसत, आणि उंबऱ्यातूनच विचारते, "पोपट कुठाय?" मी कशी आहे हे ती त्यानंतर विचारते. माझ्याकडे येणारी सगळीच माणसे हल्ली याच क्रमाने विचारतात. पण तारा माझी मैत्रीण होती.

कलम ४. टेबल. आमचे घर म्हणजे एक खोली, पुढे ओटा, वर पत्र्याखाली माळा. खिडकी एकच. त्या खिडकीखाली आप्पांनी, माझ्या वडिलांनी, कारखान्यातल्या मोडक्या खोक्यांच्या फळ्या ठोकून मला टेबल करून दिले होते. पाचवीपासून बी.ए.पर्यंत मी त्या उजेडात बसले. आप्पा पाळीवरून आले की आधी टेबलावर हात ठेवायचे आणि मग हातपाय धुवायला जायचे. त्यांना वाचता येत नाही. मी काय वाचते आहे, ते त्यांना तसेच कळत असावे.

गेल्या वर्षीच्या उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, त्या खिडकीत पिंजरा आला आणि टेबल माळ्याच्या शिडीखाली सरकवले गेले. पक्ष्याला उजेड लागतो, असे सर्वांचे मत पडले. मला काय लागते, यावर मत पडले नाही. तेव्हापासून आप्पा आले की पिंजऱ्यावर हात ठेवू लागले.

हे टेबल वहिनीला द्यावे आणि मी आता परत ओढून आणले आहे तिथेच, खिडकीखाली, राहू द्यावे. ती दिवसभर जमिनीवर बसून साड्यांचे सुटे धागे कापते आणि संध्याकाळी तिला गुडघे सरळ करता येत नाहीत. पिंजऱ्याचे काय, ते पुढच्या कलमात.

कलम ५. पोपट. हे कलम लांब आहे. साक्षीदारांनी कंटाळू नये.

वासी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच्या, दुपारी तो आमच्या पत्र्यावर पडला. पंखात मांजा गुंतून टोक चिरले होते. वहिनी तेव्हा नवी नवरी होती, तरी शिडी लावून चढली आणि त्याला पदरात घालून खाली आणले. हळद भरली. मी त्याच दिवशी स्वच्छ सांगितले होते की जखम भरली की त्याला सोडायचे. रानातला पक्षी घरात ठेवणे कायद्यात बसत नाही, आणि बसत असते तरी ते बरोबर नाही. यावर मी कॉलेजात निबंध लिहिला आहे आणि माझे मत अजूनही तेच आहे.

जखम भरली, पण पंखाचे टोक गेले ते गेलेच. त्याला सोडायला आम्ही सगळे वर गेलो. तो शेजारच्या पाण्याच्या टाकीपर्यंत कसाबसा पोचला आणि तिथे बसून ओरडत राहिला. वहिनी जाऊन त्याला घेऊन आली. "पुढे बघू," दादा म्हणाला. तेव्हापासून आमच्या घरात पोपट पाळलेला नाही. तो फक्त गेलेला नाही.

तो "रंजू" म्हणतो, हुबेहूब दादाच्या आवाजात, आणि वहिनी लाजते. "माय" म्हणतो. कुकर वाजवतो. आप्पांच्या कारखान्यातले लोटू मिस्त्री आमच्या ओट्यावर येऊन बसतात, त्यांचा खोकला काढतो. "जयू" असे तो एकदाही म्हणालेला नाही. घरात कोणी नसताना मी त्याच्यापुढे उभी राहून माझे नाव सांगितलेले आहे. तो मान तिरकी करून ऐकतो आणि मग खोकतो.

आता शिट्टीचे सांगते. आप्पा माझ्या जन्माच्या आधीपासून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आहेत. त्या खडखडाटात हाक पोचत नाही, म्हणून कारागीर दोन बोटे ओठांत घालून शिट्टी मारतात. सुताच्या कांड्या पुरवणाऱ्याला एक, मिस्त्रीला दुसरी, ज्याची त्याची ठरलेली. त्या आवाजाने आप्पांचे कान हळूहळू गेले. माझ्यासाठीही त्यांनी एक शिट्टी ठरवली होती: दोन आखूड, एक लांब, शेवटी वर चढणारी. पाळी सुटली की ते गल्लीच्या तोंडाशी, पानाच्या टपरीपाशी थांबून ती मारायचे आणि मी "आले आप्पा" म्हणत पळत सुटायचे. घरात दादा होता, पण त्याला शिट्टी नव्हती. ती माझी होती. माझा आवाज त्यांना ऐकू येत नसे, मी दिसले की ते हसत. पुढे मला पळवेना, तेव्हा मी उंबऱ्यात येऊन हात वर करू लागले. तेवढे पुरत होते.

दिवाळीनंतरची गोष्ट. आप्पांची शिट्टी झाली. मी शिडीखालच्या टेबलावरून उठते आहे, तेवढ्यात खिडकीतून तीच शिट्टी परत गेली, त्याहून मोठी. आप्पा गल्लीत थबकले. पुन्हा मारली. पुन्हा उत्तर गेले. चपला न काढता ते आत आले आणि मला म्हणाले, "जयू, माले आइकू उनं. त्यानी ओ दिन्ही."

त्यांच्या मागे गल्लीतली पोरे टाळ्या वाजवत होती. मी "बरं झालं" म्हणाले आणि पुस्तक उघडले.

मला या पक्ष्याचा हेवा वाटतो. मृत्युपत्रात असे लिहितात की नाही, ठाऊक नाही. पण मालमत्तेत जे खरे आहे ते लिहावे लागते, तसे हेही लिहिते. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा मी आप्पांच्या कानाशी तोंड नेऊन तो ओरडून सांगितला होता. त्यांनी मान डोलावली आणि मायला खुणेने विचारले, काय म्हणते? त्यांना पहिल्या खेपेला ऐकू गेलेले घरातले बोलणे त्या पोपटाचे आहे, आणि तेही माझ्याच शिट्टीतले.

यानंतर अहमदाबादच्या डॉक्टरांनी घरात पशुपक्षी आहे का म्हणून विचारले. ऑपरेशननंतर छातीचे हाड सांधेपर्यंत काही महिने माझ्या खोलीत पक्षी नको, त्याच्या पिसांचा भुगा वाईट, असे ते म्हणाले. आमची खोली एकच. घरी सगळे बसले. वहिनी धागे कापत होती, तिची कात्री साडीला लागली. असे तिच्या हातून पूर्वी कधी झालेले नाही. तिने साडी घडी घालून बाजूला ठेवली. दादा माझ्याकडे बघेना. आप्पांना मी सगळे हातवारे करून सांगितले. ते म्हणाले, "तू म्हनशी तसंच व्हई."

कायदा माझ्या बाजूला होता, डॉक्टर माझ्या बाजूला होते आणि माझा निबंधही माझ्या बाजूला होता. इतकी भक्कम बाजू मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती. मी म्हटले, त्याला लोटू मिस्त्रींकडे देऊ या. त्यांनी तो पूर्वीच मागितला होता. सवय होते का ते बघायला त्याच दिवशी पिंजरा त्यांच्याकडे गेला. टेबल मी स्वतः खिडकीखाली ओढले, दम लागला तरी.

संध्याकाळी शिट्टी झाली. मी उंबऱ्यात गेले, हात वर केला आणि अंगात होता तेवढा जीव लावून "आले आप्पा" म्हणाले. आप्पांनी मला पाहिले. हसले. तरी तिथेच उभे राहिले. पुन्हा शिट्टी मारली आणि कान खिडकीकडे केला. मग त्यांच्या लक्षात आले. ते घरी आले, टेबलावर हात ठेवला, हातपाय धुतले आणि जेवले. मला हवे होते तसे सगळे झाले.

दुसऱ्या दिवशी ते शिट्टी न मारताच घरात आले. उंबऱ्यात त्यांना बघून मीच दचकले. तिसऱ्या दिवशीही तसेच. तेव्हा वहिनीने कात्री खाली ठेवली. तिने या घरात माझ्यासमोर कधी तोंड उघडलेले नव्हते.

ती म्हणाली, "ताई, तुमची ओ आप्पांना दिसते. याची ऐकू येते. दोन्ही असू द्या ना."

मी म्हटले, "आणि डॉक्टर?"

"ते तुम्ही शिकलेल्या. तुम्ही बघा."

मी बघितले. कामरेजला आमची कलाबाईमावशी एकटी राहते. तिच्या घरी पक्षी नाही, मांजर नाही, धूर नाही. म्हणून माझा निर्णय असा:

पोपट घरी राहील. इस्पितळातून सुटल्यावर मी कामरेजला जाईन आणि डॉक्टर म्हणतील तोपर्यंत तिथे राहीन. लोटू मिस्त्रींनी पिंजरा परत आणून द्यावा. पिंजऱ्याचे दार काढून टाकावे. तो बसला तर बसला, एखाद्या दिवशी गेला तर त्याला कोणी आणायला जाऊ नये, वहिनीनेही नाही. पिंजरा खिडकीच्या वरच्या अर्ध्यात टांगावा, खालचा अर्धा टेबलाचा. हे मी आनंदाने करत नाही. जयश्रीचे मन किती मोठे, असे आल्यागेल्याला कोणी सांगू नये. तारालाही नाही.

कलम ६. मायविषयी. मी सहा-सात वर्षांची असताना आप्पांसारखी दोन बोटे ओठांत घालून ओट्यावर बसत असे. मायने हातावर चापट मारली आणि म्हणाली, "पोरगी कधी शिट्टी मारस का?" मी बोटे काढली ती काढली. त्या वेळी मारू दिली असती, तर आज आमच्या घरात पोपटाचे काही काम नव्हते. ही तक्रार मी मायकडे ठेवून जाते. निळी शाल तिला दिली आहे, म्हणून तक्रार मिटली असे तिने समजू नये.

कलम ७. मी परत आले तर कलम १ ते ४ रद्द समजावीत, पुस्तके सोडून. ती फळीवरच राहतील. कलम ५ रद्द होणार नाही. आणि झडप दुरुस्त होऊन मला दम पुरू लागला की आप्पांनी मला शिट्टी शिकवावी. रोज ओट्यावर बसवून, गल्लीदेखत. मायने मध्ये बोलू नये. माझी शिट्टी आप्पांना ऐकू गेली, की त्या दिवसापासून ओ मी देईन. पोपटाने हवे तर कुकर वाजवावा.

तोपर्यंत ओ देण्याचे काम त्याच्याकडे राहील. मी परत आले नाही, तर तो हक्क कायमचा त्याचा. मात्र आप्पांनी रोज गल्लीच्या तोंडाशी थांबून शिट्टी मारली पाहिजे. न मारता घरात येऊ नये. या मृत्युपत्रातली माझी खरी अट एवढीच आहे.

हा कागद मी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. माझे वडील वाचनाच्या वेळी हजर होते. त्यांना कलम ७ मी दोन बोटे ओठांत घालून समजावले. शिट्टी निघाली नाही, नुसती फुंकर निघाली. त्यांनी माझी बोटे धरून थोडी आत सरकवली.

पोपटाला या मृत्युपत्रान्वये लाभ होत असल्याने त्याला साक्षीदार धरलेले नाही. कलम ५ ऐकताच लोटू मिस्त्री पिंजरा घेऊन आले; सही चालू असताना पोपट खोकला, त्याची नोंद घेऊ नये.

सही: जयश्री हिलाल बडगुजर

साक्षीदार:
१. लोटू भिका शिंपी, लूम मिस्त्री, राहणार नवागाम
२. सौ. सरस्वती राघो महाजन, राहणार नवागाम

ठिकाण: नवागाम, सुरत
तारीख: ८ फेब्रुवारी १९९८, रविवार