मुंग्या न येणारी खोली

३ मार्च १९९८
हे होते तेव्हाची एक सकाळ. आधी अंगण झाडले, मग केळीला पाणी सोडले, मग चहा ठेवला. त्या सकाळी हे चहाला आलेच नाहीत. मागच्या खोलीत वांग्यांवर मारायची पावडर हातानेच कालवत बसले होते. म्हटले, हात धुवा आधी. तर म्हणाले, "मी काय किडा आहे मरायला?"

आज हे सगळे आठवले, कारण लेकीचे, लुसीचे पत्र आले. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी, इथे गिरीजलाच येते. तिला मागची खोली द्यायची. तिथे मुंगी फिरकत नाही. तूप-गूळही तिथेच असतो. दुपारी कधी मीही जाऊन बसते. यांचा वास आहे अजून.

६ मार्च
खोली सारवली. शेजारची फिलूमावशी म्हणाली, "तुझ्याकडं मुंग्यांना पण शिस्त गं. आमच्या मेल्या माझ्याआधी साखर चाखतात."
हसले. मग हसू थांबले. पावडरचे पोते तर हे वारले तेव्हाच टाकून दिले. त्याला नऊ वर्षे झाली.

७ मार्च
गुळाचा एक खडा उंबऱ्याबाहेर, एक आत. बाहेरचा तासात काळा झाला. आतला तसाच. रांग उंबऱ्यापर्यंत येते, थांबते, भिंतीकडेने वळते. आत कुणी बसले असल्यासारखी.

११ मार्च
वाचनालयातून शेतीचे मासिक आणले. शाळा चौथीपर्यंत, बोट ठेवून वाचते. ती पावडर मातीत वर्षानुवर्षे राहते. अंगातल्या चरबीत साठते. आईच्या दुधातून बाळाला... दोनदा वाचले.
तूप-गूळ बाहेर काढला. कुठे टाकावा कळेना.

१६ मार्च
परवा लुसी आली. पिशवी ठेवून थेट मागच्या खोलीत. "आय, इथं बाचा वास येतो अजून."
मलाही येतो. नऊ वर्षे तो यांचा म्हणूनच घेतला.
"मी इथंच झोपणार."
"नको. ओटीवर खाट घालते."
"तिथं मुंग्या असतात."
"असू देत."
रुसली. ती स्वतः याच खोलीत जन्मली. पोते तेव्हाही कोपऱ्यात होते. दोन वर्षे माझे दूध...
खोलीला कुलूप लावले.
दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, ओटीवर तिची खाट घातली. मुंग्या चढू नयेत म्हणून खुरांखाली ठेवतात त्या पाण्याच्या वाट्या ठेवल्या नाहीत. पायथ्याशी गुळाचा खडा ठेवला आणि पहिली मुंगी येईपर्यंत तिथेच बसून राहिले.