मधला इसम

५ जानेवारी, रविवार

रोजनिशी, माफ कर. श्रावणापासून तुला उघडलं नाही. कारण आळस नव्हे. मला संशय होता की दिपमाला ही वही वाचते. म्हणून पानात धागा ठेवून तुला कपाटात बंद केलं. आज पाहिलं, धागा जागच्या जागी. बायकोसुद्धा वाचत नाही. समाधान वाटायला हवं होतं. थोडं वाईट वाटलं. का, ते नंतर तपासू.

संकल्प: २ फेब्रुवारीला धुळ्यात आमचं जळगाव आणि धुळे, अशा दोन्ही फोटो मंडळांचं एकत्र प्रदर्शन आहे. यंदा माझा एक तरी फोटो भिंतीवर लागला पाहिजे. आजवर एकही लागलेला नाही. पतसंस्थेत मला ‘फोटोवाले साहेब’ म्हणतात. भिंतीवर काही नसताना असं म्हणवून घेणं ही फसवणूक आहे, आणि मी पतसंस्थेत फसवणूकच शोधतो. अंतर्गत ऑडिट.

दुसरा संकल्प: टीका मोकळ्या मनाने ऐकणे.

६ जानेवारी

मेहरूण तलावाचा सूर्यास्त ग्रुपवर टाकला. आमच्या ग्रुपचा नियम आहे: आधी एक गोड, मग एक तिखट. अध्यक्ष सुकदेव आबा, निवृत्त चित्रकला शिक्षक, त्यांनीच घालून दिलेला. पण आले ते सगळे ‘एक नंबर भाऊ’. इतक्या झटपट, की तेवढ्यात फोटो उघडतसुद्धा नाही. न बघता कौतुक. म्हणजे यांना काहीतरी लपवायचं आहे.

मोईजने मात्र फोन केला. मोईजचं हार्डवेअरचं दुकान आहे. मंडळात माझा सगळ्यात जवळचा. गोड: भाऊ, फोटो काचेसारखा साफ आहे. तिखट: पण यात कोणी राहतं का? मी म्हटलं, म्हणजे काय? तो म्हणाला, तलाव आहे, आभाळ आहे, सगळं आहे, पण माणूस नाही यार. तू पण नाहीस त्यात.

मोकळ्या मनाने ऐकलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की गेल्या वर्षी मोईजचे दोन फोटो लागले होते. म्हणजे माझी वाट कोण अडवतंय ते उघड आहे.

माझ्या मनात मत्सर आहे का? प्रामाणिकपणे तपासलं. नाही.

१२ जानेवारी, रविवार

मंडळाची भरीत पार्टी. पहूरच्या अलीकडे झिपरू नानांच्या शेतात, सहकुटुंब. लोकांनी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवल्या, वांगी भाजली, गप्पा मारल्या. मी काम केलं.

शेताच्या कडेला कापसाचं एक फुटलेलं बोंड राहून गेलं होतं. अप्रतिम. फक्त दव हवं होतं. भरदुपारी दव नसतं. बाटलीतलं पाणी शिंपडलं. हा अप्रामाणिकपणा आहे का? बराच विचार केला. दव हेही पाणीच.

पोटावर झोपून फोटो घेतले. नाना लांबून जेवायला हाका मारत होते, भाऊ, बठ्ठं थंडं व्हई ऱ्हायनं, ताट वाढेल शे! दिपमालाही येऊन गेली. हाताचं काहीतरी सांगत होती. मी मान न उचलता म्हटलं, सावली पडतेय, बाजूला हो.

महत्त्वाचं: मोईज माझ्या मागे घुटमळत होता. शटरचा आवाज स्पष्ट ऐकला. माझा अँगल चोरत होता. वळून पाहिलं नाही. आपल्याला कळलंय हे चोराला कळू देऊ नये.

जेवायला गेलो तेव्हा कळण्याच्या पुऱ्या संपल्या होत्या. यामागेही कोणीतरी असेल. सिद्ध करता येणार नाही.

१५ जानेवारी

बोंडाचा फोटो प्रदर्शनासाठी पाठवला. शीर्षक: ‘पहाट’.

हे शीर्षक खोटं आहे का? पहाट ही एक अवस्था असते, असा विचार केला.

१९ जानेवारी

यंदा नवी पद्धत. धुळे मंडळाचे कुंदनसर दोन्हीकडचे फोटो नावं काढून, एकत्र करून वाटणार. प्रत्येकाच्या वाट्याला दुसऱ्याचा एक. त्यावर मोकळा अभिप्राय लिहायचा, दहापैकी गुण द्यायचे. गुणांवरून निवड. अभिप्राय दोन तारखेला सर्वांसमोर मोठ्याने वाचणार, अभिप्राय देणाऱ्याच्या नावासकट.

मोईजला विचारलं, तू काय पाठवलंस? तो हसला. म्हणाला, बघशील ना. हे हसणं मला आवडलं नाही. माझंच बोंड असणार, माझ्याच अँगलने.

२१ जानेवारी

माझ्या वाट्याचा फोटो आला, छापील, पाकिटातून. मोईजचं बोंड येईल म्हणून दबा धरून बसलो होतो. ते नाही. काळापांढरा आहे. कोण्या धुळेकराचा दिसतो.

पऱ्हाट्यांचं शेत. मध्यभागी एक इसम पोटावर पालथा, आपल्याकडे पाठ. बहुधा पडलेला चष्मा शोधतोय. डोक्यावर मागे तव्याएवढं टक्कल. वय पन्नाशीच्या पुढे. चौकड्यांचा शर्ट. तसा माझ्याकडेही आहे, पण माझा निळा आहे. उजव्या कडेने चौकटीत एका बाईचा फक्त हात आलाय. हातात वाढलेलं ताट. बोटाला चिंधी बांधलेली. ताट किती वेळ धरलंय कोण जाणे, मनगट थोडं खाली झुकलंय. इसमाला पत्ता नाही.

चिडलो त्या माणसावर. कोण असेल हा?

२२ जानेवारी

अभिप्राय लिहून फोटोसकट परत पाठवला. चार वेळा खोडला. आपण सुडाने लिहीत नाही ना, म्हणून मोईजचा फोटो असता तर काय लिहिलं असतं याचीही कल्पना केली. मग ती कल्पना बाजूला ठेवली. अंतिम मसुदा:

‘गोड: हात. उत्तम. बोटाची चिंधी आणि झुकलेलं मनगट, सगळी गोष्ट तिथेच आहे. हा हात पाहून मी बराच वेळ थांबलो. तिखट: मधला इसम कापावा. चित्रात त्याचं काही काम नाही. असे लोक कशातच नसतात, फक्त जागा अडवतात. दहापैकी नऊ. एक गुण इसमाचा कापला.’

दिपमालाला वाचून दाखवणार होतो. ती भांडी घासत होती. राहिलं.

३० जानेवारी

रविवारची तयारी. निळा चौकड्यांचा शर्ट इस्त्रीला टाकला. फोटो लागला तर दोन शब्द बोलावे लागतील. ‘ज्यांनी टीका केली त्यांचेही आभार’ असं म्हणणार. मोईजकडे बघून. किंवा न बघून. ठरवायचं आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

धुळे. मोईजच्याच गाडीने गेलो. मोईज, त्याची बायको यास्मिन, दिपमाला, मी. सभागृहात मी पहिल्या रांगेत बसलो. बोलवलं तर लगेच उठता यावं.

‘पहाट’चा अभिप्राय आधी आला. कोणा मेघाताईंचा. ‘स्वच्छ आहे.’ एवढंच. दहापैकी चार. तिखटसुद्धा लिहायची गरज वाटली नाही त्यांना. मोईजने पढवलं असणार, असं मनात नोंदवून ठेवलं.

मग माझ्या वाट्याचा फोटो पडद्यावर आला. कुंदनसरांनी माझं नाव घेऊन अभिप्राय वाचायला सुरुवात केली. ‘मधला इसम कापावा’ला मागून खुसखुस आली. ‘फक्त जागा अडवतात’ला सभागृह उसळलं. माझी भाषा लोकांना भिडतेय असं वाटलं. मीही हसलो. मागे वळून मान झुकवली, दाद स्वीकारली.

हसणं वाढलं. मागच्या रांगेतून सुकदेव आबा म्हणाले, भूपेंद्र, जरा खाली वाक बाबा, दोन्ही एकदम दिसतायत.

कोणते दोन्ही, असं विचारणार होतो. हात आपोआप डोक्यामागे गेला. तिथे केस नव्हते. कधीपासून नाहीत, मला कोणी सांगितलं नाही. पडद्यावर चौकडी, अंगावर तीच चौकडी. काळापांढरा फोटो निळा शर्ट काळा करतो, हे मी मंडळात दोनदा शिकवलेलं आहे.

दिपमालाकडे पाहिलं. ती हसत नव्हती. पडद्यावरच्या हाताकडे बघत होती.

फोटो मोईजचा. निवड झाली. माझ्या नऊ गुणांमुळे.

परतताना गाडीत मोईज म्हणाला, भाऊ, खुदा की कसम, तुझ्याकडेच येईल हे मला माहीत नव्हतं. तुला आधी दाखवणार होतो, पण पार्टीपासून तू धड बोलतच नव्हतास. तू म्हणशील तर मधला इसम कापतो. फक्त हात ठेवतो.

दिपमाला मागून म्हणाली, कापा की. लग्नाला एवढी वर्षं झाली, आज पहिल्यांदा माझ्या हाताला उत्तम म्हणाले. तेही परकी बाई समजून. कोण वाटली होती हो तुम्हाला?

यास्मिनवहिनी खिडकीबाहेर बघत राहिल्या. खांदे हलत होते.

३ फेब्रुवारी

दिवसभर तपासलं. मोईजने मुद्दाम केलं का? पुरावा नाही. कुंदनसर सामील आहेत का? पुरावा नाही. मेघाताई? त्या मोईजला ओळखतही नाहीत, विचारून पाहिलं. एवढ्या जणांवर संशय घेतला, एकावरही टिकत नाही. उरतो पडद्यावरचा इसम.

मोईजला फोन करून सांगितलं, कापू नको. तो म्हणाला, नक्की? मी म्हटलं, हात एकटा काय करेल, समोर कोणीतरी पालथा हवा. मोईज म्हणाला, भाऊ, हा तुझा आजवरचा सगळ्यात चांगला अभिप्राय. गोड होतं की तिखट, कळलं नाही. विचारलं नाही.

हे मी मोठेपणा मिरवायला केलं का? थोडं असेल.

संध्याकाळी दिपमालाने ताट वाढलं. लगेच घेतलं. तिने संशयाने पाहिलं. बोटाकडे बघितलं तर चिंधी नाही. कधीच निघाली असणार. जखम कुठल्या बोटाला होती तेही आठवेना. फोटो पाहून सांगता येईल, पण तो धुळ्याला आहे.

उद्या: दिपमालाच्या बोटाला काय झालं होतं, ते विचारणे.